ताईंची चौकशी खिडकी

रुग्णालयात कुणी "वहिनी" अशी हाक मारली की संगणक विभागातली एकच बाई वळून बघायची. आता तिला सख्खा दीर म्हणाल तर एकही नव्हता. पण विभागाच्या प्रमुखबाईंना सगळे "ताई" म्हणायचे, आणि त्या ताईंच्या धाकट्या भावाची बायको तिथंच नोकरीला लागली म्हटल्यावर ती आपोआप सगळ्यांची वहिनी झाली. तिचं खरं नाव पगाराच्या कागदावर असेल तेवढंच.

नणंद-भावजय, एका घरात नि वर एकाच कचेरीत! लोकांना वाटलं, चला, आता रोज तमाशा बघायला मिळणार. कसला तमाशा नि कसलं काय. वहिनी ताईंवर अशी काही फिदा होती की बघणाऱ्यालाच लाज वाटावी. केबलच्या टोकाला तारा कशा बसवायच्या इथपासून ते डॉक्टर ओरडायला लागला की आपण आवाज कसा खाली आणायचा इथपर्यंत सगळं तिला ताईंनी शिकवलं होतं. नवरा चिडवायचा, "माझ्याशी लग्न केलंस की माझ्या बहिणीशी?" ही म्हणायची, "बहिणीकडे बघूनच तर हो म्हटलं."

साहेबांना मात्र हे नातं पहिल्यापासून डोळ्यांत खुपत होतं. साहेब म्हणजे रुग्णालयाचे प्रशासक. वहिनीची मुलाखत दुसऱ्याच लोकांनी घेतली होती आणि ताई त्या वेळी खोलीच्या आसपासही नव्हत्या, हे त्यांना नीट माहीत होतं. तरी एकदा भर बैठकीत त्यांनी विचारलंच, "बाई, हा विभाग आहे की तुमचं घर?" ताई म्हणाल्या, "घरी मी इतकी कडक नसते, साहेब." सगळे हसले. साहेब हसले नाहीत, आणि विसरलेही नाहीत.

मग नवी इमारत उभी राहिली. बाळंतपणाचा विभाग जुन्या इमारतीतून तिकडं हलवायचा ठरला, आणि साहेबांनी डाव टाकला. म्हणाले, बाहेरची एक कंपनी तयार आहे, संगणकांचं सगळं जाळं तीच बघेल. ताई म्हणाल्या, आम्ही करतो. साहेब म्हणाले, करा की! पण उद्घाटनाच्या सकाळी मेट्रनबाईंनी, म्हणजे नर्सांच्या प्रमुखबाईंनी, सगळं चालताना बघून हो म्हटलं पाहिजे. त्यांनी मान डोलावली तर संगणक विभाग तुमचा. नाहीतर सगळा कारभार कंपनीकडे, आणि तुम्ही सामानखरेदीच्या टेबलावर.

ज्या बाईनं आख्ख्या रुग्णालयाचं जाळं शून्यातून उभं केलं, तिला चादरी आणि फिनेलचे भाव विचारत बसवायचं! वहिनीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. ताई म्हणाल्या, "बरं."

आता काम काय होतं ते सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच आहे.

विभागात प्रत्येक खाटेशी एक यंत्र असतं. पोटातल्या बाळाचे ठोके ते मोजतं. नर्सच्या टेबलासमोर एक मोठा स्क्रीन, त्यावर प्रत्येक खाटेचा एक चौकोन, त्यात ठोके. पण त्या स्क्रीनला कसं कळणार की कुठलं यंत्र कुठं आहे? जुन्या इमारतीत ते ओरडून कळायचं. खरंच ओरडून! स्क्रीन जाळ्यावर हाळी द्यायचा, "ठोक्यांची यंत्रं कोण कोण आहात रे?" आणि जी असतील ती "मी, मी" म्हणायची. एका मजल्यावर सगळे असले की हे चालतं. नव्या इमारतीत यंत्रं वरच्या मजल्यावर, स्क्रीन चालवणारा संगणक तळमजल्यावर, आणि दोघांच्या मधे राउटर. राउटर असली आरडाओरड पलीकडं जाऊ देत नाही. त्याचं बरोबरच आहे म्हणा, सगळ्यांचीच ओरड सगळीकडे गेली तर कामाचं कुणाला ऐकूच येणार नाही.

म्हणून ताईंनी डिरेक्टरी एजंट बसवला. हा एक संगणक, पण काम एकच: चौकशीच्या खिडकीवर बसणं. प्रत्येक यंत्रानं चालू झालं की या खिडकीशी यायचं आणि नोंद करायची, मी अमुक, माझं काम तमुक, मी या पत्त्यावर सापडेन. ज्याला कुणी हवं असेल त्यानं ओरडायचं नाही, खिडकीशी येऊन विचारायचं. खिडकीचा पत्ता प्रत्येक यंत्राला जाळ्यात पाऊल टाकतानाच हातात मिळेल, अशी व्यवस्था ताईंनी केली होती. नोंदीला त्यांनी मुद्दाम थोडीच मुदत ठेवली. मुदत संपायच्या आत यंत्रानं परत येऊन "आहे अजून" म्हणायचं, नाहीतर नाव खोडलं जाणार. वहिनीनं विचारलं होतं, एवढी कडक मुदत कशाला? ताई म्हणाल्या, "कुणाच्या तरी पायात वायर अडकून यंत्र बंद पडतं. स्क्रीनवर मात्र ते आहे असं दिसत राहतं. नसलेलं आहे म्हणून दाखवणारी पाटी काय कामाची गं?" असं काही ऐकलं की वहिनीला वाटायचं, आपण जन्मभर या बाईच्या हाताखाली राबू.

आणि शेवटची गोष्ट म्हणजे स्कोप. स्कोप म्हणजे गट. कोण कुठल्या गटातलं ते नावानं ठरवायचं. खिडकीवर ज्या गटाचं नाव असेल त्याच गटाच्या यंत्रांची तिथं नोंद होते, बाकीच्यांना खिडकी ओळख देत नाही. जुन्या विभागांत गटांना इंग्रजी आद्याक्षरं होती, आणि तीच स्क्रीनच्या डोक्यावर दिसायची. मेट्रनबाईंनी या वेळी दम भरला होता, "माझ्या पोरींना एका नजरेत वाचता येईल असं मराठीत लिहा. ती अक्षरांची भाजी नको." संगणकाला काय, मराठीही चालते. ताईंनी नाव ठरवलं. वहिनी तेव्हा वरच्या मजल्यावर यंत्रांशी बसली होती. ताईंनी खालून फोनवर सांगितलं, "गटाचं नाव प्रसूती." वहिनी म्हणाली, "लिहिलं." खाली ताईंनी खिडकीवर आणि स्क्रीनच्या संगणकावर लिहिलं, वर वहिनीनं एकेका यंत्रात लिहिलं. झालं काम.

उद्घाटनाच्या सकाळी दोघी लवकर आल्या. नव्या रंगाचा वास येत होता, गाद्यांवरचं प्लॅस्टिक अजून काढायचं होतं. वहिनीनं वर जाऊन एकेक यंत्र चालू केलं. प्रत्येकावर हिरवा दिवा लागला. ती जिन्यावरून जवळजवळ उड्या मारतच खाली आली आणि स्क्रीनकडं बघितलं.

स्क्रीन कोरा. डोक्यावर गटाचं नाव, आणि खाली एक चौकोन असेल तर शपथ.

"येतील," ताई म्हणाल्या. नाही आले.

तोवर साहेब आले. बरोबर कंपनीचा माणूस, गळ्यात टाय, चेहऱ्यावर गोड हसू. मागून मेट्रनबाई, हात कमरेवर. जुन्या विभागात बायका सामान बांधून बसल्या आहेत, त्यांना कधी आणू ते सांगा, एवढंच त्या म्हणाल्या. कोऱ्या स्क्रीनकडं त्यांनी एकदा बघितलं आणि खुर्ची ओढून बसल्या.

वहिनीच्या तोंडचं पाणी पळालं. खालच्या मजल्यावरचं सगळं ताईंनी केलेलं, वरचं सगळं तिनं. आणि ताईंचं चुकलंय हे शक्यच नव्हतं, ते तिच्या डोक्यातही येईना. म्हणजे चुकलंय आपलंच. आपल्या हातून ताई सामानखरेदीच्या टेबलावर जाणार, आणि साहेब म्हणणार, बघा, घरची माणसं भरली की असं होतं! ती धावत वर गेली, वायरी हलवून बघितल्या, यंत्रं बंद करून चालू केली, धापा टाकत खाली आली. यंत्रं जिवंत होती. खालून हाक मारली तर उत्तर देत होती. खिडकीचा पत्ता प्रत्येकाकडे होता. खिडकीही उघडी होती. फक्त तिच्याकडं एक नोंद नव्हती.

कंपनीच्या माणसानं घसा साफ केला. "मी मधे बोललो तर चालेल का? गटबिट काढून टाका. सगळ्यांना डिफॉल्ट गटात घाला, वेगळं नाव न दिलेली यंत्रं आपोआप जातात त्या. लगेच दिसायला लागतील."

आणि खरं सांगायचं तर तो खोटं बोलत नव्हता. दिसली असती. वहिनीला ते कळलं आणि तिचा जीव भांड्यात पडला. तिनं कीबोर्डकडं हात नेला. "ताई, करू का? आत्तापुरतं?"

"नाही," ताई म्हणाल्या.

"अहो, पण आज एवढं निभावून नेऊ, मग सावकाश..."

"त्याच्याही वरच्या मजल्यावर जोखमीच्या गरोदर बायकांचीही हीच यंत्रं आहेत. तीही डिफॉल्टमधे. इथं पाटी येणार 'खाट चार'. कुठली चार? आपली की त्यांची? नर्स पळणार, ती भलत्याच खाटेकडं." ताईंचा आवाज जराही चढला नव्हता. "निभावून न्यायचं म्हणजे आपण निभावणार, आणि भोगणार ती खाटेवरची बाई. मला नाही जमायचं ते."

साहेब घड्याळाकडं बघत म्हणाले, "बाई, म्हणजे उपाय समोर आहे आणि तुम्ही तो करत नाही, असं मी समजू?"

"हो. तसंच समजा."

वहिनीला रडू यायचं बाकी होतं. तिला राग आला, खरंच आला, असली कसली ही बाई, स्वतःचं घर जळतंय आणि ही शेजारणीच्या खाटेची काळजी करते! आणि त्याच क्षणी तिचा ऊर असा भरून आला की तिला दुसरीकडं बघावं लागलं. एवढी माणसं टपून बसलेली असताना, सगळं हातचं जात असताना नाही म्हणायला काय लागत असेल? आपल्याला जमलं असतं का? मुळीच नाही. आपण तर कीबोर्डला हात घातलाच होता.

ताई खुर्चीत बसल्या आणि त्यांनी चष्मा लावला. "घाई करू नकोस. जो बोलत नाही त्याला नाही विचारायचं, जो नाकारतोय त्याला विचारायचं. खिडकीला विचार, कुणाला परत पाठवलंस?"

वहिनीनं खिडकीच्या संगणकावरच्या घडामोडी उघडल्या. ओळींमागून ओळी. यंत्रं आली होती! एकूण एक आली होती, दारात उभी राहिली होती, आणि खिडकीनं प्रत्येकाला तेच उत्तर दिलं होतं: हा गट माझ्याकडे नाही.

"गट नाही कसा?" वहिनी ओरडलीच. "हा काय! खिडकीवर लिहिलंय प्रसूती, आणि यंत्र म्हणतंय प्रसूती. सारखंच तर आहे!"

"परत वाच."

"प्रसूती. प्रसूती." तिनं दोनदा वाचलं. मेट्रनबाईंनीही मान वाकवून वाचलं, "प्रसूतीच आहे की." कंपनीच्या माणसानंही वाचलं. तीन तोंडांनी एकच शब्द.

"वाचताय कशाला," ताई म्हणाल्या. "वाचलं की कानाला जे माहीत आहे तेच दिसतं. वाचू नकोस. शेवटचं अक्षर बघ, चित्र बघितल्यासारखं."

वहिनीनं बोट स्क्रीनला लावलं. यंत्राचा "ती", त्याची वेलांटी अक्षराच्या उजवीकडं. खिडकीचा "ति", त्याची वेलांटी डावीकडं. एक दीर्घ, एक ऱ्हस्व. बोलताना आपल्यात कोण पहिली नि दुसरी वेलांटी वेगळी काढतं हो? फोनवर तर सोडाच. ताईंनी सांगितलं, वहिनीनं ऐकलं, दोघींनी आपापल्या मनातली वेलांटी दिली, आणि बिचाऱ्या संगणकाच्या दृष्टीनं ते दोन परके गट झाले.

पण वहिनीला दुसरंही काही दिसलं. शब्द सुटा लिहिला की शेवटची वेलांटी दीर्घ, हे तिच्या हाडामांसात मुरलेलं होतं. म्हणजे यंत्रांवरचं बरोबर होतं. चुकलं होतं ते खिडकीवरचं. ते ताईंनी लिहिलेलं.

मागं साहेब उभे. तिनं एका दमात ठरवून टाकलं.

"ताई, माझंच चुकलं," ती मोठ्यानं म्हणाली. "मी यंत्रांत दीर्घ लिहिलं. आत्ता बदलते, सगळी बदलते. माझीच चूक साहेब, ताईंचं सगळं बरोबर आहे." आणि बोलता बोलता तिनं पहिल्या यंत्राची फाइल उघडली, बरोबर असलेला शब्द चुकीचा करायला.

ताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"काय चुकलं तुझं?"

"वेलांटी..."

"प्रसूती सुटा शब्द. शेवटची ती दीर्घच. तुझं बरोबर आहे. मी दारावरच्या पाटीवर बघून लिहिलं, प्रसूतिगृह. पाटी बरोबरच आहे, समासात मधली ति ऱ्हस्वच असते. मी फक्त 'गृह' खोडलं आणि वेलांटी तशीच सोडली." ताई खुर्ची वळवून साहेबांकडं तोंड करून बसल्या. "साहेब, चूक माझी आहे. हिची नाही. हिनं लिहिलंय ते बरोबर आहे, आणि ते बरोबर असतानाही ही बदलायला निघाली होती, कारण मला वाचवायचं होतं. त्याबद्दल मी हिला नंतर बघते."

टायवाल्याचं हसू कुठं गेलं ते त्यालाच माहीत. वहिनीनं खाली मान घातली. तिला वाटत होतं, झालं, संपलं सगळं, आणि तरी आतून कुणीतरी म्हणत होतं, बघून ठेव, बघून ठेव, असं माणूस परत बघायला मिळायचं नाही.

ताईंनी स्वतःच्या हातानं खिडकीवरचा शब्द नीट केला, स्क्रीनच्या संगणकावरचाही केला, आणि खिडकी बंद करून परत उघडली. खिडकीचा पत्ता यंत्रांकडं होताच, परत पाठवलं तरी ती थोड्या थोड्या वेळानं येऊन विचारतच होती. मग वरून यंत्रं यायला लागली. पहिला चौकोन उमटला. दुसरा. मग तर मेट्रनबाईंना मोजता येईना इतक्या भराभर. त्या उठल्या आणि म्हणाल्या, "थांबा. वरचं एक यंत्र बंद करते. बघू हा स्क्रीन काय म्हणतो." त्या स्वतः वर गेल्या. थोड्या वेळानं एक चौकोन गुपचूप निघून गेला. मेट्रनबाई परत खाली आल्या, तेव्हा जागा रिकामीच होती. खोटं दाखवत नव्हता स्क्रीन.

"माझा हो आहे," मेट्रनबाई साहेबांना म्हणाल्या. "बायकांना आणते. आणि एक ऐका, साहेब. स्वतःची चूक सगळ्यांसमोर सांगणारं माणूस माझ्या विभागाला जोडलेलं असलेलं बरं. यंत्रं काय, कुणीही जोडतं." आणि त्या तरातरा निघून गेल्या.

साहेबांनी एकदा स्क्रीनकडं बघितलं. माणूस आडमुठा, पण दिल्या शब्दाचा पक्का. "ठीक आहे," ते म्हणाले. "विभाग इथंच राहील. कंपनी नको." पण त्यांचं संपलं नव्हतं. "पण चूक झाली ती झाली, बाई. ती तुमच्या हातून झाली, आणि बरोबर काम यांच्या हातून. तर नव्या इमारतीचं सगळं आजपासून यांच्याकडे. इथं तुम्हाला काही बदलायचं असेल तर तुम्ही यांना विचारून बदलायचं. जुनी इमारत तुमची. मान्य?"

ज्या माणसानं घर की विभाग म्हणून टोमणा मारला होता, तोच आता भावजयीला नणंदेच्या डोक्यावर बसवत होता! वहिनीनं दोन्ही हात हलवले. "नाही साहेब, मला नको. ताईंच्या वर मी? छे, छे, मी नाही..."

"मान्य," ताई म्हणाल्या.

"ताई!"

"मान्य आहे साहेब. त्यांचं बरोबर आहे." ताईंनी "त्यांचं" म्हटलं ते साहेबांबद्दल की आपल्याबद्दल, हे वहिनीला तेव्हा कळलं नाही.

साहेब गेले, टायवाला गेला. मेट्रनबाईंनी पहिल्या बाईला चाकाच्या खुर्चीतून वर नेलं असावं, कारण स्क्रीनवरच्या एका चौकोनात आकडे हलायला लागले. पोटातलं ते पोर भलतंच घाईत होतं, एकशे चाळीसच्या पुढंमागं ठोके पडत होते. वहिनी बघत राहिली आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं. हे सगळं ताईंचं. मुदत त्यांची, गट त्यांचा, नाही म्हणण्याची हिंमत त्यांची. आणि त्यावर नाव आता आपलं.

"मी साहेबांना लिहून देते," ती डोळे पुसत म्हणाली. "मला नको हे. तुम्ही का हो म्हणालात?"

"कारण तुला येतं म्हणून. मला उगीच मोठेपणा मिरवायचा असता तर मीच नको म्हटलं असतं." ताई उठल्या. आपल्या खुर्चीवरची पिशवी त्यांनी काढून घेतली आणि ती खुर्ची वहिनीकडं वळवली. "बस."

"मी उभी आहे तीच बरी."

"अगं बस म्हणते ना! उभ्यानं कारभार होतो का कुठं?"

वहिनी कशीबशी टोकावर बसली. दारातून विभागातली दोन माणसं आत आली होती आणि काय झालं ते न कळून बघत उभी होती. ताईंनी त्यांच्याकडं बघितलं, मग वहिनीकडं. लग्न होऊन घरात आल्या दिवसापासून त्यांनी या मुलीला "तू" शिवाय काही म्हटलं नव्हतं. आता त्या दोन माणसांना ऐकू जाईल अशा स्वच्छ आवाजात, जराही न अडखळता त्यांनी विचारलं,

"सांगा मॅडम, मी काय करू?"

नका हो असं बोलू, असं वहिनीला म्हणायचं होतं. पण ताई थट्टा करत नव्हत्या. त्या खरोखरच सांगायची वाट बघत उभ्या होत्या, आणि आपण आता काही बोललो नाही तर ती दोन माणसं उद्यापासून आपल्याला विचारणारच नाहीत, हे वहिनीला लख्ख कळलं.

तिनं खुर्ची पुढं ओढली.

"ताई, तुम्ही वर जा," ती म्हणाली. "एकेक खाट आणि तिचा चौकोन जुळतोय का ते मला फोनवर सांगा."

"बरं," म्हणून ताई जिना चढायला लागल्या.